चार खांद्यांची आगाऊ पावती

दिल्लीच्या प्रगती मैदानावर नोव्हेंबर २०२२ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्यात एका दालनाने साऱ्या देशाचे लक्ष वेधून घेतले. तेथे यंत्रे नव्हती की वस्त्रे नव्हती. सजवलेली तिरडी मांडलेली होती. दालन होते मुंबईच्या ‘सुखांत’ या कंपनीचे. ३७,५०० रुपये आगाऊ भरावेत. मृत्यूनंतर रुग्णवाहिका, तिरडी, भटजी, खांदेकरी आणि अस्थिविसर्जन ही सारी व्यवस्था कंपनी पाहील, अशी ती योजना. वर्तमानपत्रांनी छायाचित्रे छापली, लोकांनी विनोद केले आणि विषय मागे पडला. ज्या समाजात खांदेकरीसुद्धा आगाऊ पैसे भरून ठरवावे लागतात, त्या समाजाची प्रकृती कशी आहे, हा प्रश्न मात्र फार थोड्यांना पडला.

आपल्या अंत्यविधीची तजवीज आपणच करणे हे अभद्र आणि अहिंदू आहे, असा एक सूर त्या वेळी निघाला. तो अज्ञानातून आलेला होता. जिवंतपणी स्वतःचे श्राद्ध करण्याचा जीवच्छ्राद्धाचा विधी धर्मशास्त्राला ठाऊक आहे. श्रीगुरुजी गोळवलकर यांनी बद्रीनाथजवळ ब्रह्मकपाल येथे स्वतःचे श्राद्ध स्वतःच्या हातांनी केले होते, आणि ५ जून १९७३ रोजी त्यांचे देहावसान झाल्यावर उघडण्यात आलेल्या पत्रांत आपले स्मारक उभारू नये, असे त्यांनी लिहून ठेवले होते. २६ फेब्रुवारी १९६६ रोजी देह ठेवणाऱ्या स्वातंत्र्यवीर सावरकरांनी आपले शव यांत्रिक वाहनातून न्यावे, विद्युतदाहिनीत दहन करावे, हरताळ पाळू नये, असे आधीच बजावले होते. २७ फेब्रुवारी २०१० रोजी चित्रकूट येथे निवर्तलेल्या नानाजी देशमुखांनी कित्येक वर्षे आधी देहदानाचा संकल्प केला होता आणि देह दिल्लीला पोहोचवण्याच्या खर्चाचीही सोय करून ठेवली होती. इतके दूर जाण्याचीही गरज नाही. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत कितीतरी म्हाताऱ्या ‘मातीचे पैसे’ म्हणून चार नोटा ट्रंकेच्या तळाशी बांधून ठेवत आल्या आहेत. मुलांवर भार नको, एवढाच त्यामागचा स्वाभिमान.

तेव्हा आगाऊ व्यवस्था करणारा वृद्ध दोषी नाही. ही व्यवस्था त्याने कोणाच्या हाती सोपवावी, हा खरा प्रश्न आहे. नानाजींनी ती सेवाव्रती कार्यकर्त्यांच्या हाती सोपवली. म्हातारीने आपल्या घराच्या हाती. कंपनीच्या दालनात ती सोपवली जाते अनोळखी पगारी माणसांच्या हाती. लाकडे विकत मिळतात, मडके विकत मिळते, रुग्णवाहिका भाड्याने मिळते. त्यात काही वावगे नाही. खांदा मात्र विकत घेण्याची वस्तू नव्हे. अंत्येष्टी म्हणजे अखेरची इष्टी, अखेरचा यज्ञ. सोळा संस्कारांतील हा एकच संस्कार असा, की ज्याचे ऋण मृताला कधीच फेडता येत नाही. म्हणूनच तो निरपेक्ष. जटायूला ना पुत्र जवळ होता ना गोतावळा. प्रभू रामचंद्रांनी पित्याप्रमाणे त्याचे दहन केले. अनाथ प्रेतावर संस्कार करण्याचे पुण्य परंपरेने यज्ञाच्या तोडीचे मानले. हा वारसा सांगणाऱ्या समाजात खांद्याचा दर ठरावा, यापरते दैन्य ते कोणते?

हे दैन्य श्रीमंत मुंबईपुरते आहे, असे समजणाऱ्यांनी भिवंडीत यावे. यंत्रमागांच्या या शहरात तेलंगणातून, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून माणसे पिढ्यान् पिढ्या पोट भरायला येत राहिली. पाळी संपली की मागाशेजारीच अंथरूण टाकावे, खानावळीत जेवावे, उरलेले पैसे गावी पाठवावेत, असे त्यांचे आयुष्य. मानकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ या गावांत गोदामे उभी राहिली, तेव्हा हमालीसाठी आणखी माणसे आली. यांतला एखादा रात्री झोपेत गेला, तर काय होते? गाव हजार-दीड हजार किलोमीटर दूर. मालकाच्या हजेरीपटावर पुष्कळदा नावच नाही. राज्य कामगार विमा योजनेत अंत्यविधीच्या खर्चासाठी १५,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे. पण ज्याची नोंदच नाही, त्याच्यासाठी ती कागदावरच राहते. अशा मजुराने ३७,५०० रुपये आगाऊ कोठून भरावेत? ज्याला पैसे परवडतात, त्याला खांदा विकत मिळावा आणि ज्याला परवडत नाहीत, त्याने बेवारस म्हणून जावे, ही विभागणी कोणत्या धर्मात बसते?

व्यवहाराच्या अंगानेही ही पावती तपासून पाहावी. आगाऊ घेतलेल्या पैशांच्या मोबदल्यात द्यायची सेवा वीस वर्षांनी द्यायची असते. तोवर कंपनी टिकेलच याची हमी काय? ब्रिटनमध्ये ‘सेफ हँड्स’ ही अशाच योजना विकणारी कंपनी मार्च २०२२ मध्ये कोसळली आणि सुमारे ४६,००० ग्राहकांचे पैसे अडकले. त्यानंतर जुलै २०२२ पासून तेथे हा व्यवसाय वित्तीय नियामकाच्या देखरेखीखाली आणण्यात आला. भारतात या व्यवसायासाठी असा खास कायदा नाही. आणि ज्या ग्राहकाने पैसे भरले, तो सेवा मिळाली नाही म्हणून ग्राहक न्यायालयात जाणार कसा? एकट्या माणसाने पैसे भरावेत आणि ते वसूल झाले की नाही, हे पाहायला मागे कोणीच नसावे, असा हा व्यवहार आहे.

याला पर्याय नव्हता असे नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांची गाववार मंडळे होती. एका खोलीत गावचे वीस-पंचवीस गडी राहत, महिन्याला वर्गणी देत आणि कोणी आजारी पडला, कोणी वारला, तर मंडळ उभे राही. पैसे तेथेही आगाऊच भरले जात. फरक एवढाच, की ते अनोळखी कंपनीला नव्हे, उद्या खांदा देणाऱ्या माणसांनाच दिले जात. वर्गणीने माणूस माणसाशी बांधला जातो. पावतीने तो केवळ ग्राहक होतो. गिरण्या गेल्या, खोल्या विकल्या गेल्या आणि ती मंडळेही विरत गेली. त्यांच्या जागी काय उभे राहिले? सोसायटीचे व्हॉट्सॲप गट, ज्यांवर हात जोडल्याची चित्रे पाठवून शेजारधर्म पूर्ण होतो.

भिवंडीतील हिंदूंनी आपल्याच शहरात जरा डोळे उघडून पाहावे. मुस्लिम समाजात मृताचा दफनविधी ही साऱ्या जमातीची जबाबदारी मानली जाते. कोणीच ती पार पाडली नाही, तर दोष सर्वांना लागतो, अशी त्यांची धारणा आहे. याचा हेवा करू नये आणि द्वेष तर नाहीच. लाज मात्र जरूर वाटावी. कारण अंत्येष्टी हा यज्ञ म्हणणारा हिंदू समाज आजही कित्येक गावांत जातीजातींची वेगळी स्मशाने राखून आहे. जन्मभर ‘हिंदू तितुका बंधू’ म्हणायचे आणि चितेच्या वेळी जात विचारायची, हे संघटन नव्हे, संघटनेचे सोंग आहे. ‘एक मंदिर, एक पाणवठा, एक स्मशान’ हा संकल्प व्यासपीठावरून उच्चारणे सोपे. त्यातील तिसरा शब्द पाळणे हीच खरी कसोटी. उत्सवाला ढोल वाजवणारे शंभर तरुण ज्या वस्तीत मिळतात, तेथे परक्या मजुराच्या तिरडीला चार मिळत नसतील, तर त्या शंभरांची संख्या मोजण्यात अर्थ नाही.

यावर उपाय अवघड नाही. स्मशानभूमीची सोय करणे आणि ती नीट राखणे हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ अन्वये महापालिकेचे कर्तव्य आहे. भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेकडे लाकूड, पाणी, छप्पर आणि दिवे यांचा हिशेब नागरिकांनी नियमाने मागावा. प्रत्येक वस्तीत वर्गणीचा अंत्यविधी निधी असावा आणि त्याचा हिशेब वर्षातून एकदा सर्वांसमोर वाचला जावा. एकाकी वृद्धांची आणि परप्रांतीय मजुरांची एक वही ठेवावी. तीत गावचा पत्ता, नातलगाचा दूरध्वनी आणि त्या व्यक्तीची इच्छा लिहून घ्यावी : दहन की देहदान, लाकूड की विद्युतदाहिनी, विधी कोणता, अस्थी कोठे. ही इच्छा केवळ मृत्युपत्रात लिहून भागत नाही. मृत्युपत्र पुष्कळदा दिवसकार्य आटोपल्यावर उघडले जाते. ती वेगळ्या कागदावर असावी आणि दोन माणसांच्या हाती असावी. मृताची जात त्या वहीत लिहू नये.

कंपनीला दोष देऊन मोकळे होणे सोयीचे आहे. पण बाजार तेथेच शिरतो, जेथून समाज उठून गेलेला असतो. तिरडीचे दालन उभे राहिले, कारण गल्लीतली माणसे आत जाऊन बसली. त्या दालनाला कुलूप लागावे असे ज्यांना वाटते, त्यांनी निषेधाची पत्रके काढू नयेत. आपल्या शेजारी एकटे कोण राहते, हे आज संध्याकाळी जाऊन विचारावे आणि त्या म्हाताऱ्याला एवढेच सांगावे, की बाबा, पैसे भरू नका, आम्ही आहोत. आणि वेळ येईल तेव्हा खरोखरच असावे.