स्तूप, फूटपाट आणि लाल वाट

यंदा कोजागिरीला दूध उकळायच्या आधी वादच उकळला. विषय निवडणुकीचा नव्हता की क्रिकेटचाही नव्हता. सायकल रस्त्यावरून चालवावी की फूटपाथवरून, एवढाच होता. सहा महिन्यांपूर्वी आम्स्टलफेनला राहायला आलेल्या एक सूनबाई सध्या सायकल शिकताहेत. त्यांनी भाबडेपणानं विचारलं, "हात स्थिर होईपर्यंत फूटपाथवरून चालवली तर काय बिघडलं? गाडीखाली येण्यापेक्षा बरं नाही का?" निम्म्या मंडळींनी माना डोलावल्या. आम्ही पुण्यात जन्मभर रस्त्यावरूनच चालवली, काही झालं नाही, असं एका काकांनी ठणकावलं. तेवढ्यात लेकाकडे तीन महिन्यांसाठी आलेल्या एक आजी कोपऱ्यातून म्हणाल्या, "अगं बाई, तू फूटपाथवर आलीस तर मी कुठे जाऊ?"

ह्या प्रश्नाला सभेत कुणाकडेच उत्तर नव्हतं. म्हणून ह्या अंकात आम्ही तोच विषय घेतला आहे.

आधी भाषेची गंमत. फूटपाथला इथे 'स्तूप' म्हणतात. नव्यानं आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला डच भाषेत पहिल्यांदा सांची आठवते ती इथे. नियमांच्या पुस्तकात त्याच पट्टीला 'फूटपाट' असा शब्द आहे, म्हणजे आपल्याला तो वेगळा शिकायला नकोच. आणि सायकलची वाट ती 'फीट्सपाट'. पाट दोन, बसणारे वेगळे. पंगतीत दुसऱ्याच्या पाटावर बसलेलं आपल्याकडे तरी कुठे चालतं?

कायदा फार सरळ आहे. १ नोव्हेंबर १९९१ पासून लागू असलेल्या इथल्या वाहतूक नियमांप्रमाणे निळ्या गोल पाटीवर पांढरी सायकल दिसली की सायकलस्वारानं त्याच वाटेनं जायचं. तशी वाट नसेल तर मोटारींच्या रस्त्यानं जायचं. तिसरा पर्याय पुस्तकात नाही. स्तूपावर सायकल चालवणं म्हणजे दंड. मात्र सायकलवरून उतरून ती हातानं ढकलत नेलीत तर तुम्ही पादचारी, मग स्तूप तुमचाच. शिकाऊ मंडळींना आम्ही हे कलम पाठ करायला सांगतो. चौक भीतीदायक वाटला की उतरावं आणि ढकलत न्यावी. कुणी हसत नाही.

शेजारच्या जर्मनीत मात्र आठ वर्षांखालच्या मुलांना फूटपाथवरूनच सायकल चालवायला सांगतात, आणि दहाव्या वर्षापर्यंत त्यांना तशी मुभा असते. इंग्लंडमध्ये १८३५ सालच्या कायद्यानं फूटपाथवर वाहन चालवायला बंदी आहे. आजची सायकल तेव्हा जन्मालाही आली नव्हती! अमेरिकेत तर गावागणिक नियम वेगळा. न्यू जर्सीच्या भावानं फोनवर सांगितलेलं इथे आचरणात आणू नये.

आता सूनबाईंच्या मूळ शंकेकडे येऊ. फूटपाथ सुरक्षित, ही समजूत अर्धीच खरी आहे. तिथे मागून मोटार येत नाही, हे खरं. पण अपघात मुख्यतः घडतात ते चौकात, गल्लीच्या तोंडाशी आणि घरासमोरच्या गाडीवाटेशी. गॅरेजमधून मागे मागे गाडी काढणारा माणूस स्तूपावर चालणारी माणसं बघतो, आणि ती असतात ताशी पाच किलोमीटर वेगाची. त्याच पट्टीवर पंधराच्या वेगानं कुणी आलं तर त्याची नजर पोहोचायच्या आत ते चाकासमोर असतं. लाल वाटेवर मात्र सायकल येणार हे डच ड्रायव्हरच्या हाडीमाशी मुरलेलं आहे. वळताना तो खांद्यावरून मागे बघतोच. म्हणजे जिथे आपण असू असं समोरच्याला वाटतं, तिथेच आपण असावं.

शिवाय कायदाही इथे दुबळ्याच्या बाजूनं झुकलेला आहे. मोटार आणि सायकल यांची टक्कर झाली तर भरपाईचं ओझं बहुतेक वेळा मोटारवाल्यावर पडतं, आणि सायकलवर चौदा वर्षांखालचं मूल असेल तर जवळजवळ पूर्णच. नव्यानं लायसन काढणाऱ्यांनी हे उशाशी लिहून ठेवावं.

ही लाल वाट काही आकाशातून पडली नाही. उट्रेख्टच्या मालीबानवर १८८५ साली सायकलस्वारांसाठी वेगळी पट्टी झाली, ती ह्या देशातली पहिली मानतात. त्याच साली आम्स्टरडॅमचं राइक्सम्युझियम उघडलं. त्याच्या पोटातून आरपार रस्ता आहे. नूतनीकरणासाठी २००३ पासून दहा वर्षं म्युझियमचा मोठा भाग बंद होता. तेव्हा तो बोगदा सायकलींना पुन्हा खुला करायचा की फक्त चालणाऱ्यांना ठेवायचा, यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं. शेवटी २०१३ च्या मे महिन्यात सायकली परत आल्या. आज रेम्ब्रांट बघायला आलेल्या पाहुण्यांच्या नाकासमोरून त्या सुसाट जातात. पाहुणे घाबरतात, सायकलवाले घंटी वाजवतात.

मधला काळ मात्र काळा होता. महायुद्धानंतर घरोघर मोटारी आल्या, आणि सायकलला अडगळ समजून रस्ते मोटारींसाठी रुंद होऊ लागले. १९७० च्या सुमारास ह्या चिमुकल्या देशात वर्षाला तीन हजारांहून जास्त माणसं रस्त्यावर मरत होती, त्यांत चारशेहून अधिक मुलं. फिक लांगेनहॉफ नावाच्या पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी १९७१ मध्ये शाळेच्या वाटेवर मोटारीखाली गेली. पुढच्या वर्षी त्यांनी 'दे टाइड' ह्या वर्तमानपत्रात लेख लिहिला. मथळा होता, बालहत्या थांबवा. त्याच नावाची चळवळ उभी राहिली, आयाबाया मुलांना घेऊन रस्त्यात बसल्या. १९७३ च्या नोव्हेंबरात तेलसंकटामुळे मोटारबंद रविवार आले आणि रिकामे हमरस्ते कसे दिसतात ते लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. १९७५ मध्ये सायकलस्वारांची संघटना निघाली. मग हळूहळू गावोगाव वाटा झाल्या. आज त्यांची लांबी पस्तीस हजार किलोमीटरच्या पुढे आहे. आपली मुलं सकाळी आठला बिनधास्त शाळेत जातात, त्याच्यामागे त्या आया आहेत. मुलांना हे सांगायला हवं. शाळेत ते सांगतातच असं नाही.

नियमही एका दिवसात झाले नाहीत. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हा नियम जुना, पण सायकल उजवीकडून आली तर मोटारनं थांबायचं हे ठरलं १ मे २००१ ला! तोवर सायकलवाल्यानं मुकाट्यानं वाट बघायची. नव्वदच्या दशकात इथे आलेल्या आमच्या पिढीला तो जुना नियम अंगवळणी पडलेला. म्हणून आमच्यातले काही अजूनही मोटारीला "जा बाबा" अशी खूण करतात आणि मागचे डच पोरगे वैतागतात.

आपल्याकडचं काय? पुणं म्हणजे सायकलींचं शहर, हे ऐकत आपण वाढलो. तासाच्या भाड्यानं सायकल आणायची, नळीखालून पाय घालून हाफ पेडल मारायचं, आणि संध्याकाळी दिवा नाही किंवा डबलसीट म्हणून हवालदारानं धरलं की दोघांनी वेगवेगळ्या दिशांना पळायचं. नगरपालिकेचा पितळी बिल्ला हँडलजवळ लावलेला असे. गंमत म्हणजे इथेही १९२४ ते १९४१ सायकलवर कर होता आणि असाच धातूचा बिल्ला मिळे. बेरोजगारांना तो फुकट, पण मध्ये भोक पाडलेला, म्हणजे गरिबी हँडलवर मिरवायची. डबलसीटला मात्र इथे मुभा आहे. नवराबायको दोघं एका सायकलवर, बायको मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली, हे दृश्य बघून आजींना कॉलेजचे दिवस आठवले, असं त्यांनीच सांगितलं.

पुण्यात पुढे मोटारसायकली आल्या आणि सायकल गेली. त्यानंतर सायकल ट्रॅक बांधले, त्यांवर गाड्या लागल्या. फूटपाथवर तर दुचाक्याच चढल्या. २०२० च्या सुरुवातीला पुण्यातल्या एक ज्येष्ठ बाई फूटपाथवर उभ्या राहून वर चढणाऱ्या दुचाक्या अडवत होत्या, तो व्हिडिओ आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनवर आला असेल. आपण सगळ्यांनी त्याला टाळ्या वाजवल्या. मग इथे येऊन आपणच स्तूपावर चाक घालायचं, हे आम्हांला काही पटत नाही. आपले आईवडील इथे येतात तेव्हा त्यांच्या मालकीची असते ती तेवढीच एक पट्टी. गुडघा दुखत असतो, बर्फाची भीती असते, भाषा येत नाही. लाल रंग चालायला गुळगुळीत म्हणून ते आधी चुकून लाल वाटेवर उतरतात, दहा घंट्या ऐकतात आणि बिचारे स्तूपावर परततात. तिथून त्यांना कुठे हाकलणार?

आता लाल वाटेवरही सगळं आलबेल नाही, हे सांगायला हवं. भांडण आता वेगाचं आहे. मोपेडना गावात १५ डिसेंबर १९९९ लाच रस्त्यावर पाठवलं. निळ्या नंबरप्लेटच्या हलक्या स्कूटर मात्र वाटेवर राहिल्या. आम्स्टरडॅमनं त्यांना ८ एप्रिल २०१९ पासून रिंगरोडच्या आत रस्त्यावर काढलं, आणि १ जानेवारी २०२३ पासून देशभर त्यांना हेल्मेट सक्तीचं झालं. आता जाड टायरच्या फॅटबाइकचा धुमाकूळ आहे. मोटर पंचवीसच्या वेगाला बंद व्हायला हवी, पण पोरं ती 'खोलतात'. आपल्यातल्याही काही घरांत वाढदिवसाला ती मागितली गेली आहे, आणि काहींत दिलीही गेली आहे. आमचं मत विचाराल तर देऊ नये. २०२३ मध्ये इथे रस्त्यावर ६८४ माणसं गेली, त्यांत २७० सायकलस्वार, आणि त्यांतही मोठा वाटा साठीच्या पुढच्यांचा. इलेक्ट्रिक सायकल घेऊन खूश झालेल्या आमच्या वयाच्या मंडळींनी हा आकडा जरा थांबून वाचावा. इथे हेल्मेटची सक्ती नाही, पण बंदीही नाही!

राहता राहिला रस्ता. जिथे वाट नाही तिथे मोटारींतच जायचं, आणि त्याला घाबरायचं कारण दिवसेंदिवस कमी होत आहे. वेगात फार फरक असेल तर वाटा वेगळ्या करायच्या, फरक कमी असेल तर एकत्र चालू द्यायचं, असा इथल्या आखणीचा हिशेब. ८ डिसेंबर २०२३ पासून आम्स्टरडॅमच्या बहुतेक रस्त्यांवर ताशी तीसची मर्यादा आली ती त्याच हिशेबानं. काही गल्ल्या तर पूर्ण लाल असतात आणि पाटीवर लिहिलेलं असतं, मोटार इथे पाहुणी. अशा गल्ल्या शिकायला उत्तम. रविवारी सकाळी नऊला तिथे मांजरांखेरीज कुणी नसतं.

सूनबाईंसारख्या शिकणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. अनेक गावांत वस्तीच्या केंद्रांत बायकांसाठी सायकलचे वर्ग चालतात, चौकशी करावी. आणि जुन्या डच सायकलला हँडलवर ब्रेक नसतो, पेडल उलटं मारलं की ती थांबते. हे शिकवल्याशिवाय कुणाला वर बसवू नये. सीट इतकं खाली घ्यावं की दोन्ही पाय जमिनीला टेकतील. इथल्या दुकानदाराला ते बघवत नाही, पण त्याचं ऐकू नये.

एप्रिलमध्ये मंडळाची सहल लिसच्या ट्युलिपच्या शेतांमधून सायकलनं जाणार आहे. वाट सपाट आहे, जवळजवळ सगळी लाल. आपल्या उंचीच्या दोन लेडीज सायकली एका सभासदांच्या शेडमध्ये पडून आहेत. ज्यांना हव्या असतील त्यांनी मार्च संपायच्या आत कळवावं. चेन आम्ही तेल घालून ठेवू.