राधेचं पोर

सुट्टीत पोरांच्या हातात अचाट ताकदीच्या वीराचं पुस्तक दिसलं की आपण म्हणतो, "ठेव ते, अभ्यासाचं काही वाच." पण ते पुस्तक एकदा स्वतः चाळून बघा.

अमेरिकेतला सुपरमॅन १९३८ साली चित्रकथेत आला. आकाशातून पडलेलं अनाथ पोर. पुढं त्याची जी गोष्ट रूढ झाली, तीत त्याला एक शेतकरी जोडपं वाढवतं. २००५ साली रिक रायर्डन यांची पर्सी जॅक्सनची पहिली कादंबरी निघाली. या पर्सीच्या डोळ्यांपुढं अक्षरं नाचतात, एका जागी त्याला बसवत नाही आणि शाळा त्याला टिकू देत नाहीत. लेखकाच्या स्वतःच्या मुलाचीही अशीच अडचण होती. रात्री त्याला सांगितलेल्या गोष्टींतून हे पुस्तक झालं. पर्सीची चुळबुळ म्हणजे लढवय्याची चपळाई, असं त्यात निघतं. पोर खूष होतं. मला मात्र एक खटकतं. ज्याच्यात अशी गुप्त शक्ती निघणार नाही, त्या पोरानं काय करायचं? पराक्रम केला तरच भाकरी, असं थोडंच आहे!

आपल्याकडं ही गोष्ट फार जुनी आहे. जन्मापासून कवचकुंडलं, म्हणजे चारचौघांपेक्षा वेगळं पोर. नदीत सोडलेलं, अधिरथ सारथ्याच्या घरी वाढलेलं. आपल्या आजऱ्याच्या शिवाजी सावंतांनी कोल्हापुरात मास्तरकी करताना त्याच्यावर 'मृत्युंजय' लिहिली. १९६७ साली ती प्रसिद्ध झाली. तीत कर्ण बोलतो, कुंती बोलते, वृषाली बोलते. वाढवणाऱ्या राधेला मात्र स्वतंत्र प्रकरण नाही. महाभारतात कर्ण तिची बाजू मांडतो. राज्य देऊ केलं तरी तो कृष्णाला सांगतो, की मला बघून राधेला पान्हा फुटला, माझं हगणंमुतणं तिनं काढलं, तिला कसा सोडू?

आता आपल्या गावाकडं या. मामाकडं, आजीकडं वाढणारी पोरं कमी नाहीत. त्यातलं एखादं नजर देत नाही, कुकरची शिट्टी झाली की कान झाकतं, पाचवीत येऊनही जोडाक्षर लागत नाही. लगेच "परक्याचं पोर, लाडानं बिघडलं" असं बोलून मोकळं होऊ नका. स्वमग्नता आणि वाचन-लेखनाची अक्षमता २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वात धरलेली आहे. प्रमाणपत्राची चौकशी कोल्हापुरात सीपीआरमध्ये करा. ते मिळालं तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती आहेत. सांभाळणाऱ्या घरासाठी सरकारची बालसंगोपन योजना आहे. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात विचारा.

आणि रात्री जेवणं झाली की त्या पोराला कर्णाची गोष्ट सांगा. त्याला वाचता येत नसेल तर तुम्ही वाचा. नदीतली पेटी राधेच्या हाती लागते तिथंच तो "परत सांग" म्हणेल. परत सांगा.