दुय्यम कोणाला म्हणता?

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीचा प्रबंधविषय फेटाळला गेला. विद्यापीठ कोणते, समितीत कोण होते, याला महत्त्व नाही. तो निर्णय महाराष्ट्रातल्या बहुतेक साहित्य-विभागांत तसाच झाला असता. विषय होता लेस्बियन प्रेमकादंबऱ्यांत दुय्यम पात्रे पुन्हा पुन्हा का परततात, हा. अभ्यासासाठी तिने ॲन बॅननच्या १९५७ ते १९६२ या काळातल्या पाच अमेरिकन कादंबऱ्या घेतल्या होत्या आणि शेवटी कॅरिन कॉलमेकरचा 'फ्रॉस्टिंग ऑन द केक' (२००१) हा संग्रह. कॉलमेकरने या संग्रहात आपल्या आधीच्या कादंबऱ्यांतल्या पात्रांकडे परत जाऊन कथा लिहिल्या. २०१० मध्ये त्याचा दुसरा भागही निघाला. आज या वाङ्मयप्रकारात अशा दीर्घकथासंग्रहांची रीतच पडली आहे. मूळ कादंबरीत जी नायिकेची मैत्रीण होती, पूर्वीची प्रेयसी होती, दुकानाची मालकीण होती, तिला तिची स्वतःची दीर्घकथा मिळते.

समितीच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, समलिंगी संबंध हा विषय घेण्यास हरकत नाही (हे दोनदा आवर्जून सांगण्यात आले), पण त्यासाठी साहित्य हवे. खपलेल्या कादंबऱ्यांतली उरलीसुरली पात्रे वेचून लिहिलेल्या कथा म्हणजे शिळ्या कढीला ऊत आणणे होय.

या शिळ्या कढीशीच मला भांडायचे आहे.

आमच्याच अभ्यासक्रमापासून सुरुवात करू. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' (१९६७) आपण विद्यार्थ्यांना कशी शिकवतो? महाकाव्याने कडेला ठेवलेल्या कर्णाला केंद्रस्थानी आणले, शिवाय कुंती, शोण, वृषाली यांनाही निवेदक केले, हे कादंबरीचे सामर्थ्य म्हणून सांगतो. रवींद्रनाथांनी 'काव्येर उपेक्षिता' या निबंधात ऊर्मिलेची कैफियत मांडली आणि मैथिलीशरण गुप्तांच्या 'साकेत'मध्ये तीच ऊर्मिला मध्यभागी आली, याला आपण परंपरेचे पुनर्वाचन म्हणतो. जीन ऱ्हिसने 'जेन एअर'मधल्या माळ्यावर कोंडलेल्या बाईला 'वाइड सर्गासो सी' (१९६६) या कादंबरीची नायिका केले, त्यावर तर उत्तर-वासाहतिक समीक्षेची एक पेठच उभी आहे. मग हीच कृती ॲन बॅनन करते तेव्हा ती 'मालिका' का ठरते? ऱ्हिसने दुसऱ्याच्या कादंबरीतले पात्र उचलले आणि बॅननने स्वतःच्या, हा भेद आहे खरा. पण स्वतःच्याच पुस्तकात आपण कोणाकडे दुर्लक्ष केले, हे लेखिकेने ओळखावे आणि त्याची भरपाई करावी, यात कमीपणा तो कसला?

बॅननच्या पहिल्या कादंबरीची जन्मकथा विद्यार्थिनीने आराखड्यात दिली होती. ती कोणी वाचली असेल असे वाटत नाही. फिलाडेल्फियातल्या या तरुण गृहिणीने मॅरिजेन मीकर या लेखिकेला पत्र लिहिले. मीकरची 'व्हिन पॅकर' या टोपणनावाने लिहिलेली 'स्प्रिंग फायर' १९५२ मध्ये 'गोल्ड मेडल' या स्वस्त कागदी बांधणीच्या पुस्तकमालेत निघून तुफान खपली होती. मीकरच्या मध्यस्थीने बॅननचे जाडजूड हस्तलिखित त्या मालेचे संपादक डिक कॅरल यांच्यापुढे गेले. ती होती कॉलेजातल्या मुलींच्या वसतिगृही जीवनाची कादंबरी. लॉरा आणि बेथ या दोघींचे प्रेम हे त्यातले उपकथानक. कॅरल यांचा सल्ला असा, की हे निम्म्यावर आणा आणि त्या दोन मुलींची गोष्ट सांगा. 'ऑड गर्ल आउट' (१९५७) अशी जन्मली. म्हणजे लेस्बियन प्रेमकादंबरीच्या इतिहासातले एक मुख्य पुस्तकच मुळी दुय्यम पात्रांना मध्यभागी आणण्याच्या एका संपादकीय निर्णयातून झाले आहे. त्या निर्णयामागे खपाचे गणित होते, हे मी नाकारत नाही. पण हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येत होती, तेव्हा वर्गणीदारांची फिकीर कोणालाच नव्हती काय? दिवाळी अंकांनी मागणी केली नसती तर मराठी दीर्घकथेचे काय झाले असते? बाजाराचा विटाळ फक्त प्रेमकादंबरीलाच होतो, असे दिसते.

आता मूळ मुद्दा. स्त्री-पुरुषांच्या प्रेमकादंबरीत शेवटचे पान उलटले की नायक-नायिकेसाठी जग तयारच असते. मांडव, नातेवाईक, शेजारपाजार, पुढे बारसे. लेखकाला ते लिहावेही लागत नाही. वाचक आपल्या पदरचे घालतो. लेस्बियन नायिकेला ही सोय नाही. तिचे मीलन झाले तरी त्या दोघी कोठे राहणार, आजारपणात कोण येणार, भांडण झाले तर समजूत कोण घालणार, हे वाचकाला ठाऊक नसते, कारण त्याने असे जग पुस्तकात पाहिलेले नसते आणि बहुधा घराबाहेरही नसते. ते जग लेखिकेला पात्रागणिक उभे करावे लागते. त्यातली मैत्रीण ही केवळ मैत्रीण नसते, ती माहेर असते. पूर्वीची प्रेयसी बऱ्याचदा धाकट्या बहिणीसारखी पुढच्या घरात वावरते. ही माणसे एका पुस्तकात येऊन नाहीशी झाली तर नायिकाही अधांतरी राहते. म्हणून ती परततात. ज्याला समिती पुनरुक्ती म्हणते, ती एका समाजाची जुळवाजुळव आहे.

बॅननकडे ही जुळवाजुळव स्पष्ट दिसते. पहिल्या कादंबरीच्या शेवटी बेथ चार्लीला निवडते आणि लॉरा आगगाडीने निघून जाते. 'आय ॲम अ वुमन' (१९५९) मध्ये लॉरा न्यूयॉर्कला येते. तिथे ग्रिनिच व्हिलेजमध्ये तिला दोन माणसे भेटतात: जॅक मान हा समलिंगी, कडवट विनोदी, दारूत बुडालेला गृहस्थ, आणि बीबो ब्रिंकर, उंचीपुरी, पुरुषी वेष आवडणारी, तो अंगावर घालता यावा म्हणून लिफ्ट चालवण्याची नोकरी करणारी. गोष्ट लॉराची आहे. पण बीबो आली की बाकीची पाने फिकी पडतात. 'विमेन इन द शॅडोज' (१९५९) मध्ये लॉरा जॅकशी लग्न करते. दोन समलिंगी माणसांचे हे लग्न हास्यास्पद व्हायला हवे होते, पण दोघांना आसरा मिळावा म्हणून केलेली ती तडजोड आहे आणि लेखिका तिची चेष्टा करत नाही. 'जर्नी टू अ वुमन' (१९६०) मध्ये पहिल्या पुस्तकातली बेथ नवरा आणि दोन मुले मागे ठेवून लॉराचा शोध घेत येते आणि अखेर भेटते ती बीबोला. पाचवी कादंबरी, 'बीबो ब्रिंकर' (१९६२), काळाने सगळ्यांच्या मागे जाते. विस्कॉन्सिनच्या शेतवाडीतून अठरा वर्षांची मुलगी एकटी शहरात उतरते आणि जॅक तिला घरी घेऊन जातो. चार पुस्तकांत जिला आपण पुरती घडलेली पाहिली, ती घडण्यापूर्वीची आता दिसते. मालिका फक्त पुढे रेटायची असती तर मागे जाण्याची गरज नव्हती.

त्या काळातल्या शेवटांचाही विचार हवा. मीकरला बजावले गेले होते की टपाल खात्याची हरकत येऊ नये म्हणून पुस्तकाचा शेवट सुखाचा ठेवता येणार नाही. 'स्प्रिंग फायर'मधल्या दोघींपैकी एक मनोरुग्णालयात जाते आणि दुसरीला आपले तिच्यावर प्रेम नव्हतेच असा साक्षात्कार होतो. त्याच वर्षी पॅट्रिशिया हायस्मिथने 'द प्राइस ऑफ सॉल्ट' आशेवर संपवली, पण तीही टोपणनावाने. अशा काळात एखाद्या पात्राने पुढच्या पुस्तकात जिवंत, नोकरी करत, चुका करत परत येणे हाच शेवटाविरुद्धचा पुकारा होता. १९८३ मध्ये नायड प्रेसने बॅननची पुस्तके पुन्हा छापली. ज्या प्रकाशनसंस्थेने हा वारसा जपला, तिच्याच लेखिकेने पुढे आपल्या पात्रांकडे परतणारा संग्रह काढावा, हा मला योगायोग वाटत नाही.

बॅननचे गद्य घाईचे आहे, योगायोगांची रेलचेल आहे, आणि तिसऱ्या कादंबरीत बीबोला जे करायला लावले आहे ते क्रूर आहे. पण समितीने हे आक्षेप घेतलेच नाहीत. ते घ्यायला पुस्तक वाचावे लागते. आणि वाचले असते तर त्याहून मोठा आक्षेप हाती लागला असता. 'विमेन इन द शॅडोज' मध्ये ट्रिस नावाची नर्तकी आहे. ती स्वतःला भारतीय म्हणवते. प्रत्यक्षात ती कृष्णवर्णीय अमेरिकन आहे. १९५९ मधल्या न्यूयॉर्कमध्ये काळी म्हणून जगण्यापेक्षा हिंदुस्थानी म्हणून मिरवणे सोपे जाते, हे केवढे भेदक निरीक्षण आहे! आपल्या देशाचे नाव तिथे मुखवटा म्हणून वापरले गेले आहे. बीबोला स्वतःची कादंबरी मिळाली. ट्रिसला मिळाली नाही. दुय्यम पात्रांना मध्यभागी आणणाऱ्या लेखनालाही आपले दुय्यम असतात, आणि ते कोण हे विचारणे हीच विद्यार्थिनीच्या आराखड्यातली सर्वांत चांगली तीन पाने होती.

मराठीतून हे पाहताना तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' (१९८१) ची आठवण टळत नाही. आपल्याकडे हा विषय निघाला की हे नाटक पुढे केले जाते, जणू त्याने कर्ज फिटले. नाटक धाडसी आहे, यात वाद नाही. पण सुमित्राची गोष्ट आपल्याला बापू सांगतो. ती मध्यभागी आहे, पण आपण तिला पाहतो ते त्याच्या नजरेतून, आणि अखेर ती मरते. जिच्यावर तिचे प्रेम आहे ती नमा तर बापूच्या निवेदनात एक कोडे म्हणून उरते. मित्रा आणि मन्या दळवी यांच्यामध्ये ती ये-जा करते; का करते, कशाला भिते, तिला काय हवे आहे, हे नाटकाला सांगायचे नाही. पुढच्याच वर्षी आलेल्या जब्बार पटेलांच्या 'उंबरठा' चित्रपटात आश्रमातल्या दोन स्त्रियांचे नाते येते आणि अधीक्षक बाईंच्या कथेतली एक अडचण होऊन जाते. चार दशके उलटली. नमाची दीर्घकथा कोणी लिहिली? त्या दोघी आश्रमवासिनींची? एखाद्याने लिहिली असती तर आपण तिला शिळी कढी म्हटले असते काय?

मला शंका आहे की म्हटले असते. कारण आपली खरी अडचण मालिकेशी नाही, सुखाशी आहे. मेलेली मित्रा अभ्यासक्रमात बसते; तिच्यावर शोकांतिकेचा प्रश्न काढता येतो, दहा गुणांचा. ज्या स्त्रिया घर करतात, भाजी आणतात, जुन्या प्रेयसीला जेवायला बोलावतात, त्यांच्यावर काय प्रश्न काढणार?

विद्यार्थिनीने अखेर विषय बदलला. ती आता 'मृत्युंजय'मधल्या दुय्यम पात्रांवर काम करते आहे. हा विषय समितीने पहिल्याच बैठकीत, चर्चेविना मंजूर केला.