जात जनुकात नसते, हे वर्गात कोण सांगणार?

पुणे-सोलापूर महामार्गावरच्या वरवंडमध्ये आम्ही काही कार्यकर्ते दहावीच्या मुलामुलींसाठी रविवारी विज्ञानाचा वर्ग घेतो. शिकवणारे परिसरातलेच, बी.एस्सी. झालेले किंवा शेवटच्या वर्षाला असलेले तरुण. दहावीच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. फळ्यावर डीएनए काढून झाला, आई-वडिलांचे गुण मुलांत जनुकांतून कसे येतात हे सांगून झालं आणि मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, ‘‘सर, मग जात पण जनुकातूनच येते का?’’ वर्ग हसला. शिकवणारा गोंधळला. ‘‘ते परीक्षेला नाही,’’ म्हणून त्याने पुढचा मुद्दा घेतला.

दोष त्याचा नाही. त्याला वर्गावर पाठवताना आम्ही डीएनएची उजळणी करून घेतली होती, या प्रश्नाची तयारी करून घेतली नव्हती. ‘रक्तातच आहे’, ‘खानदानी आहे’, ‘त्यांची जातच तशी’ ही वाक्यं मुलं घरात आणि पारावर रोज ऐकतात. आनुवंशिकतेचा धडा त्या वाक्यांना तडा तरी देतो, नाही तर त्यांना विज्ञानाचा शिक्का मारतो. मधला रस्ता नाही.

गंमत म्हणजे या प्रश्नाचं उत्तर आपल्या घरातच आहे. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने संमेलन रद्द केल्यावर बाबासाहेबांनी आपलं भाषण स्वतः छापलं. त्या ‘जातिप्रथेचं निर्मूलन’मध्ये, जातीमुळे वंशशुद्धी टिकते या दाव्याचा समाचार घेताना ते थेट विल्यम बेटसन यांच्या मेंडेलवरच्या ग्रंथाचा आधार घेतात. आनुवंशिकीच्या विज्ञानाला ‘जेनेटिक्स’ हे नाव देणारे ते हेच बेटसन. उच्च बौद्धिक गुण वारशाने येण्याचा एकच एक ठरलेला नियम दिसत नाही, हा त्यांचा मुद्दा बाबासाहेब मांडतात. मेंडेलचा शोध १९०० मध्ये नव्याने जगापुढे आला होता; म्हणजे हे शास्त्र तेव्हा जेमतेम छत्तीस वर्षांचं होतं. आपल्या अभ्यासवर्गांत या पुस्तकातली राजकीय पानं तोंडपाठ असतात. जीवशास्त्राचं हे पान आम्हीही कित्येक वर्षं ओलांडून पुढे जात होतो.

दुसरं उदाहरण पुण्याचंच. इरावती कर्वे १९२७ साली बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर पुढे नाझींच्या वंशविज्ञानाचे आधारस्तंभ झाले. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वंशानुसार बदलतो आणि त्यातून युरोपियनांचं श्रेष्ठत्व दिसतं, असं त्यांचं गृहीतक होतं. कर्वे यांनी कवट्या मोजल्या आणि वंशाशी असा संबंध आढळत नाही, असं प्रबंधात लिहिलं. त्यांची पुढची जातीविषयीची सगळी मांडणी आपल्याला पटेलच असं नाही. पण गुरूसमोर आकडे ठेवून ‘नाही’ म्हणणारी ही विद्यार्थिनी नंतर डेक्कन कॉलेजात शिकवत होती, हे वरवंडच्या मुलींना कळायला हवं.

मुलं मोबाइलवर डीएनएच्या बातम्याही वाचतात, त्यामुळे ‘जात आणि जनुकांचा काहीच संबंध नाही’ एवढं म्हणून भागत नाही. हैदराबादच्या सीसीएमबी आणि हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं, की साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातले समूह एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळत होते. नंतर जातीतच लग्नं होऊ लागली. त्या बंदीचा ठसा जनुकांत दिसतो. बंदी आधी, ठसा नंतर. हा क्रम उलटा सांगितला, की धडाच उलटा होतो.

सिकलसेलच्या बाबतीत तर हे फार जपून शिकवावं लागतं. विदर्भात आपल्या समाजात त्याचं प्रमाण मोठं आहे, आणि कुरकुंभ, रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला येणारी विदर्भातली कुटुंबं आता याच भागात राहतात. १ जुलै २०२३ ला केंद्राने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचं लक्ष्य. तिचा भर आदिवासीबहुल भागांवर आहे, दौंड-शिरूर त्यात बसत नाही. म्हणून इथल्या मुलांना हे समजण्याची जागा वर्गच. पण ‘हा बौद्धांचा आजार’ असं एक वाक्य शिक्षकाच्या तोंडून गेलं, तर एखाद्या मुलीचं लग्न मोडतं. हे जनुक कुणबी, तेली, गोंड समाजांतही आहे. ते टिकलं ते मलेरियापासून वाहकाला मिळणाऱ्या संरक्षणामुळे. वाहक आणि रुग्ण वेगळे. जोडीदारांपैकी एकच वाहक असेल आणि दुसऱ्यात असा दोष नसेल, तर मूल रुग्ण होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते. ‘पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन सुरक्षित’ हा हिशेब आम्ही शिकलेल्या घरांतही ऐकला आहे. चार चौकोनांचा तक्ता पाठ असून तो कसा वाचायचा हे कोणी न सांगितल्याचा हा परिणाम.

जीभ गोल वळवण्याचा लाडका प्रयोगही असाच. तो एकाच जनुकाचा गुण म्हणून सर्रास शिकवला जातो. एकसारख्या जुळ्यांत एकाची जीभ वळते, दुसऱ्याची नाही, हे १९५० च्या दशकातच आढळलं होतं. ज्या मुलाची जीभ आई-बापासारखी वळत नाही, त्याला वर्गात काय ऐकावं लागतं ते आम्ही पाहिलं आहे.

एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला, तेव्हा २०२३ मध्ये अठराशेहून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी पत्र काढून विरोध केला. तो योग्यच होता. राज्य मंडळाच्या २०१८ च्या पुस्तकात मात्र तो भाग आहे. इथे अडचण धडा नसण्याची नाही. तो शिकवणाऱ्याशी, तो वर्गात जाण्याआधी, कोणी तासभर बसून बोललेलं नसतं.

आम्ही आता शनिवारी संध्याकाळी शिकवणाऱ्यांसोबत बसतो. आधी बेटसनचा संदर्भ असलेलं पान, मग सिकलसेलचा तक्ता. पुढच्या रविवारी त्या तरुणाने मुलीचा प्रश्न स्वतःहून पुन्हा काढला आणि उत्तर दिलं. लगेच एका मुलाने हात वर केला, ‘‘मग लग्नं जातीतच का करतात?’’ त्याने आमच्याकडे पाहिलं. त्या दिवशी वर्ग अर्धा तास उशिरा सुटला.