भिंतीवरचा बिबट्या

स्मरणिकेत शिक्षकाने काय लिहावे याचा एक शिरस्ता ठरलेला आहे. संस्थेची वाटचाल, निकालाची टक्केवारी, देणगीदारांचे ऋण आणि शेवटी शुभेच्छा. हे सारे माझे सहकारी माझ्यापेक्षा चांगले लिहितील. मी इतिहासाचा शिक्षक असलो, तरी या वेळी मला वसतिगृहाच्या व्हरांड्यातील भित्तिपत्रकावर लागलेल्या आणि काही दिवसांनी माझ्याच हाताने उतरवल्या गेलेल्या चार चित्रांविषयी लिहायचे आहे. ती उतरवल्याचे मला अद्याप पुरते समर्थन करता आलेले नाही, आणि ती लावू दिल्याचेही.

चित्रे आठवीतील एका विद्यार्थ्याची होती. विषय एकच, बिबट्या. पहिल्या चित्रात वनखात्याचा पिंजरा. बिबट्या बाहेर झाडाखाली पाय पसरून वर्तमानपत्र वाचत बसला आहे आणि पिंजऱ्यात आमिष म्हणून बांधलेली शेळी म्हणते आहे, "पकडायचं त्याला, अन् आत मी!" दुसऱ्यात पाटाच्या कडेला मध्यरात्री हातात बॅटरी घेतलेला शेतकरी आणि बिबट्या शेजारी शेजारी उकिडवे बसून थ्री-फेज विजेची वाट पाहत आहेत, बिबट्या विचारतो, "काका, तुमचीपण रात्रपाळी का?" तिसऱ्यात बिबट्याच्या हातात मोबाइल आणि चेहऱ्यावर अचंबा: "आत्ता एकाच वेळी मी नारायणगावात पण दिसलो आणि मंचरला पण!" चौथ्या चित्राविषयी पुढे लिहितो.

मुले खो खो हसली. मीही हसलो. ज्या जनावराचे नाव रात्री घेऊ नये, नुसते 'जनावर' म्हणावे, असे माझी आजी मला घोड नदीकाठच्या आमच्या घरात बजावत असे, ते जनावर भिंतीवर चष्मा लावून बसलेले पाहणे हा मला एक सुटकेचा अनुभव होता.

तथापि पालकसभेच्या दिवशी एक पालक त्या चित्रांसमोर बराच वेळ उभे राहिले. शिरूर तालुक्यातून आले होते. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांच्या आत एक लहान मुलगी, एक वृद्ध स्त्री आणि तेरा वर्षांचा एक मुलगा बिबट्याच्या हल्ल्यांत गेले, लोकांनी वनखात्याचे वाहन पेटवले आणि मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. शेतात जाताना माणसे गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालू लागली होती. ते गृहस्थ रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "सर, ज्याच्या घरातलं लेकरू गेलं, त्याच्या दारात जाऊन दाखवा हे चित्र."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. संध्याकाळी मी चित्रे काढून कपाटात ठेवली.

पण प्रश्न कपाटात राहिला नाही. ज्याला भ्यायचे त्याला हसावे की नाही? आणि हसता हसता त्याच्यावर माया जडली, तर ती मेलेल्यांशी प्रतारणा ठरते काय? चित्रे काढणाऱ्या त्या मुलाचे बिबट्यावर प्रेम आहे. हा शब्द मी जपून वापरतो. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची नक्षी वेगळी असते हे त्याला कुणी शिकवले नव्हते; वर्तमानपत्रातील छायाचित्रे कापून वहीत चिकटवताना ते त्याच्या ध्यानात आले. संशोधकही याच नक्षीवरून एकेक बिबट्या ओळखतात, हे मी त्याला सांगितले तेव्हा त्याला झालेला आनंद प्रथम क्रमांकाच्या ढालीने झाला नसता.

हे वेड जगात एकट्या त्याचेच नाही. अमेरिकेत जिम टूमी नावाचे चित्रकार १९९१पासून एका मोठ्या शार्क माशाला नायक करून हास्यचित्रमालिका काढत आले आहेत. (आपल्या घाटावरच्या माणसाला शार्क म्हटले की बाजारातली मुशीच आठवते, त्यामुळे आपल्याला त्याचे भय कमी आणि चव अधिक ठाऊक.) ज्या देशात पीटर बेंचली यांच्या १९७४च्या 'जॉज' या कादंबरीने आणि पुढच्याच वर्षी आलेल्या चित्रपटाने माणसे समुद्रात उतरायला घाबरू लागली, त्याच देशातली ही गोष्ट. पुढे खुद्द बेंचली यांनी आयुष्यातील बरीच वर्षे शार्कच्या रक्षणासाठी वेचली. आपल्याकडे नागपूरचे रोहन चक्रवर्ती दंतवैद्यक शिकले आणि वन्यजीवांची हास्यचित्रे काढू लागले; 'ग्रीन ह्यूमर' ही त्यांची मालिका २०१०पासून चालू आहे. दात पाहण्याची सवय दोन्ही व्यवसायांत उपयोगी पडत असावी.

माझ्यासारख्या आंबेडकरी शिक्षकाने व्यंगचित्राची तरफदारी करावी, यावर काही समाजबांधवांच्या भुवया उंचावतील. रास्तच आहे. २८ ऑगस्ट १९४९ रोजी शंकर यांनी काढलेले चित्र आपण विसरलेलो नाही: संविधानरूपी गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब आणि मागे आसूड उगारलेले पंडित नेहरू. ते अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात छापलेले आढळल्यावर मे २०१२मध्ये संसदेत गदारोळ झाला आणि पुणे विद्यापीठात प्रा. सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. मोडतोडीचा मी त्या वेळीही निषेध केला होता आणि आजही करतो. पुस्तक फाडून किंवा खुर्ची मोडून बाबासाहेबांचा मान वाढत नाही. पण त्या चित्राने मला जी बोच लागली ती खोटी होती, असे मी मान्य करणार नाही. पुढे उन्नामती श्याम सुंदर यांनी बाबासाहेबांवरील तत्कालीन इंग्रजी वृत्तपत्रांतील व्यंगचित्रे एकत्र करून २०१९मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, तेव्हा ती बोच एका चित्रापुरती नव्हती हे पानोपानी दिसून आले. रेषा कुणाच्या हातात आहे आणि हसणारे कोण आहेत, हे पाहिल्याशिवाय विनोदाचा न्याय करता येत नाही, हे आपण स्वानुभवाने शिकलेलो आहोत.

म्हणून त्या चार चित्रांनाही मी हाच प्रश्न विचारला. पिंजऱ्याच्या चित्रात हसू कुणाचे होते? वनखात्याच्या उपायाचे. आणि हा उपाय हसण्याजोगा आहे, हे जुन्नरच्या माणसाला इतिहासाने दाखवले आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार १९९३ ते २००१ या काळात जुन्नर वनविभागात माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी ४ होती. बिबटे पकडून दुसरीकडे नेऊन सोडण्याची मोहीम सुरू झाल्यावर ती १७वर गेली. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बावरते, परतीची वाट धरते, आणि वाटेत माणूस असतोच. उलट शेजारच्या अकोले तालुक्यात, जिथे दर चौरस किलोमीटरमध्ये तीनशेहून अधिक माणसे राहतात, तिथे १०० चौरस किलोमीटरमध्ये सुमारे ५ प्रौढ बिबटे नांदत असल्याचे याच संशोधकांना आढळले. त्यांच्या अन्नात सर्वांत मोठा वाटा होता गावातल्या कुत्र्यांचा. आपल्या परिसरात तो उसात राहतो, उसातच वितो. कुकडी प्रकल्पाचे पाणी पाटांनी आले, बाजरीच्या जागी बारमाही हिरवे रान उभे राहिले. ते आपण लावले आणि तो त्यात राहायला आला.

दुसऱ्या चित्रात हसू होते रात्रीच्या विजेचे. शेतकरी अंधारात पाणी धरायला जातो तो हौसेने जात नाही.

तिसरे चित्र अफवेचे, आणि त्याला तर आपल्या परंपरेतच आधार आहे. जातककथांमधील ३२२वी कथा, दद्दभ जातक, कित्येकांनी वाचलेली असेल. सुकल्या ताडपानावर बेलफळ पडल्याचा आवाज ऐकून ससा 'पृथ्वी दुभंगली' म्हणत पळत सुटतो. त्याच्यामागे ससे, हरणे, डुकरे, रेडे, हत्ती अशी सारी सेना धावते. सिंहरूपातील बोधिसत्त्व सर्वांना अडवून एकेकाला विचारतो, तू पाहिलेस काय? हत्ती सिंहांकडे बोट दाखवतो, सिंह वाघांकडे, वाघ गेंड्यांकडे, आणि शेवटी सारे सशाकडे. मग सिंह सशाला पाठीवर घेऊन त्या जागी जातो आणि ते बेलफळ पाहून येतो. ही कथा मला नेहमीच शब्दांत काढलेले हास्यचित्र वाटत आली आहे. आता संगणकावर बनवलेली बिबट्याची छायाचित्रे मोबाइलवरून फिरतात, तेव्हा 'तू पाहिलेस काय' एवढे विचारणारा सिंह गावोगाव हवा आहे. या कथेतल्या सशाला कुणी शिक्षा करत नाही, हेही लक्षात घ्यावे.

लेण्याद्रीच्या सहाव्या लेण्यातील चैत्यगृहात आमची सहल दरवर्षी जाते. कल्याणच्या सुलसदत्ताने दान दिलेल्या त्या वास्तूच्या स्तंभांवर हत्तींबरोबर वाघही कोरलेले आहेत. या डोंगरांत तेव्हा खरे वाघ फिरत असणार, आणि भिक्खू पावसाळाभर इथेच वर्षावासाला राहत असणार. ज्या प्राण्याचे भय, त्याला स्तंभाच्या माथ्यावर स्वस्थ बसवण्याची ही रीत मला त्या कारागिरांची समजूतदार रीत वाटते. पश्चिम भागातील महादेव कोळी बांधव वाघोबाला पुजतात आणि वाघबारस करतात. नवस-बोकड मला पटत नाही. पण भय एकट्याने न सोसता सर्वांनी मिळून एका जागी मांडून ठेवावे, यामागची समज मी नाकारत नाही.

मायेचेही एक उदाहरण आपल्या उंबऱ्यावरचेच आहे. २००९मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक प्रौढ बिबट्या बाहेर काढून, गळ्यात जीपीएस पट्टा घालून, आपल्या माळशेज घाटात सोडण्यात आला. संशोधकांनी त्याचे नाव ठेवले 'आजोबा'. तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. वाटेत त्याने कुणाला इजा केली नाही. डिसेंबर २०११मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाची धडक बसून तो मेला. त्याच्यावर २०१४मध्ये चित्रपटही आला. आठवीच्या वर्गात ही हकिकत सांगितली तेव्हा सारा वर्ग गप्प झाला. 'एक नर बिबट अपघातात मृत' या ओळीने तो गप्प झाला नसता.

आता चौथे चित्र. त्यात ऊसतोड मजुरांची कोपी होती. एक बाई काखोटीला पोर आणि डोक्यावर पातेले घेऊन धावते आहे, पदर वाऱ्यावर, डोळे खोबणीबाहेर. आणि कोपीच्या दारात बिबट्या पोट धरून हसतो आहे. रेखाटन चारांत सर्वांत सफाईदार होते. सर्वांत मोठा हशाही त्यालाच मिळाला. मीही हसलो, हे लिहिताना मला आज संकोच वाटतो.

आपल्या वसतिगृहात मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड कामगारांच्या मुली आहेत. आई-बाप दिवाळीनंतर टोळीबरोबर निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. पाचटाच्या कोपीला दार नसते. पहाटे अंधारात फडावर जाताना तान्हे पोर बांधावर निजवावे लागते. बिबट्याचे भय सर्वांना समान वाटून आलेले नाही. पक्क्या घरात राहणाऱ्याच्या वाट्याला ते बातमी म्हणून येते, कोपीत राहणाऱ्याच्या वाट्याला रोजची रात्र म्हणून. सातवीतील एक मुलगी ते चित्र पाहून काहीच न बोलता निघून गेली होती, हे मला वसतिगृहाच्या अधीक्षिका ताईंनी नंतर सांगितले. शंकर यांच्या चित्राने बोच लागते असे उच्चरवाने सांगणाऱ्या मला ही बोच दिसली नव्हती.

त्या मुलाला मी बोलावले. रागावलो नाही. "यात तू कुणाला हसलास?" एवढेच विचारले. तो बराच वेळ चित्राकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "सर, बाईला." मग स्वतःच ते चित्र घडी करून खिशात घातले. उरलेली तीन मी पुन्हा भिंतीवर लावली. पहिल्याच दिवशी ती त्या पालकांच्या डोळ्यांसमोर यावीत असे मला वाटत नव्हते, म्हणून पालकसभेच्या पुढच्या तारखेला ती उतरवायची, असेही ठरवले. ही तडजोड आहे. ज्याच्या घरातले लेकरू गेले त्याने हसावे, असे सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि ज्या मुलांना रोज त्याच वाटेने शाळेत यायचे आहे त्यांनी हसूच नये, असे सांगण्याचाही नाही.

त्यानंतर आठवडाभराने भित्तिपत्रकावर पाचवे चित्र दिसले. खाली नाव नव्हते. पण अक्षर सातवीतल्या त्याच मुलीचे होते, हे वह्या तपासणाऱ्याला सांगावे लागत नाही. रेखाटन ओबडधोबड, बिबट्या मांजरासारखा. तोडून मोकळा झालेला उसाचा फड. त्याच्या कडेला एक बिबट्या मादी डोक्यावर बोचके घेऊन उभी आहे, एक पिल्लू काखेत आणि दुसरे शेपटीला धरून मागे. समोर फेटा बांधलेला मुकादम हातातली वही चाळतो आहे. मादी त्याला विचारते, "मुकादम, आमचा बी फड तुटला. आता पुढचा कुठल्या गावाला?"

संपादक मंडळाला माझी विनंती आहे की हे चित्र याच स्मरणिकेत छापावे. तिने परवानगी दिली आहे, मात्र नाव न छापण्याच्या अटीवर. 'पुढचा' हा शब्द तिने चुकीचा लिहिला आहे. तो तसाच राहू द्यावा.