फिरण्यापेक्षा थांबणे महत्त्वाचे

सिनेमातला नायक रिव्हॉल्वरचे सिलिंडर गरगर फिरवतो आणि मनगटाच्या एका झटक्यात बंद करतो. होस्टेलमध्ये आपल्यापैकी बरेच जण त्याची नक्कल करतात. पण अशा झटक्याने सिलिंडरला धरून ठेवणारा दांडा वाकू शकतो. शिवाय रिव्हॉल्वरची सगळी करामत फिरण्यात आहे, असा आपला समज होतो. माझ्या मते खरी करामत थांबण्यात आहे.

सॅम्युअल कोल्टला १८३६ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले, तेव्हा तो २१ वर्षांचा होता. फिरत्या सिलिंडरची शस्त्रे त्याआधीही होती. कोल्टच्या रचनेत घोडा मागे ओढला की सिलिंडर आपोआप फिरे आणि जागेवर पक्के बसे.

सहा गोळ्यांचे सिलिंडर दर वेळी बरोबर ६० अंश फिरावे लागते. घोडा मागे जाऊ लागला की सिलिंडरच्या खाचेतला खटका खाली सरकतो. मग 'हँड' नावाची छोटी पट्टी मागच्या दातेरी चक्राचा एक दात ढकलते. पुढचा कप्पा नळीसमोर येताच स्प्रिंगच्या जोराने खटका नव्या खाचेत बसतो. हे सगळे घोडा पडण्याआधी झाले पाहिजे. खाच झिजली असेल किंवा खटका उशिरा बसला, तर कप्पा आणि नळी एका रेषेत येत नाहीत. गोळी नळीच्या तोंडाशी तासली जाते आणि शिशाचे कण बाजूच्या फटीतून उडतात. शेजारी उभ्या असलेल्यालाही इजा होऊ शकते.

कोणी विचारेल, रायफलच्या जमान्यात हे कशाला शिकायचे? इन्सास रायफलचा बोल्टही आधी फिरून पक्का बसतो आणि मगच गोळी सुटते. नियम एकच आहे: आधी पकड, मग प्रहार.

आपण मात्र परीक्षेसाठी भागांची नुसती नावे पाठ करतो. माझी सूचना आहे की शाळेच्या वर्कशॉपमध्ये या यंत्रणेचे मोठे लाकडी मॉडेल बनवावे आणि त्यातली एक खाच मुद्दाम झिजलेली ठेवावी. प्रत्येक कॅडेटने ते स्वतः फिरवून चूक शोधावी. पाठ केलेली नावे परीक्षेनंतर विसरतात. हाताने शोधलेली चूक विसरत नाही.

ड्रिलमध्येही 'तेज चल' सगळ्यांना जमते. पलटणीची खरी परीक्षा 'थम'ला होते.