स्टीअरिंगची भाषा मिस्त्रीने विसरू नये

गाडी घेताना आपला व्यापारी बंधू किंमत पाहतो, ॲव्हरेज विचारतो. स्टीअरिंग मात्र एका बोटाने फिरवून "हलके आहे" एवढ्यावर खूष होतो. हलकेपणा सोयीचा खरा, पण तेवढ्याने भागत नाही.

रस्ता चालकाशी स्टीअरिंगमधूनच बोलतो. कळंबोलीहून निघणाऱ्या, 2002 साली पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गावर भर पावसात स्टीअरिंग एकाएकी सैल लागले, तर पुढच्या टायरची पकड सुटत आहे असे समजावे आणि ॲक्सिलरेटर हळूच सोडावा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर टायरमधील हवा आणि अलाइनमेंट तपासावे. वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ येत नसेल, तर तेही दुखण्याचेच लक्षण.

1983 साली आलेल्या मारुती 800 ला पॉवर स्टीअरिंग नव्हते. हे सारे हाताला थेट कळे. पुढे तेलाच्या दाबावरचे आणि मग विजेच्या मोटरवरचे स्टीअरिंग आले. तेलाचा पंप इंजिनाबरोबर सतत फिरतो. मोटर सेन्सरच्या इशाऱ्यावर गरजेपुरतीच चालते, म्हणून इंधन वाचते. फायदा मोठा आहे. परंतु या मदतीआड रस्त्याची खबर बरीच दबते.

म्हणून पनवेलच्या गॅरेजवाल्यांनी दोन्ही विद्या जवळ ठेवाव्यात. सेन्सर तपासणारे यंत्र शिकावेच, पण दुरुस्तीनंतर गाडी स्वतः चालवूनही पाहावी. यंत्र मोटरचा दोष दाखवील. झिजलेला बॉलजॉईंट हातालाच कळतो. तो जाणता हात गमावला, तर धंद्याबरोबर गिऱ्हाइकाचा जीवही धोक्यात येईल.